निंबोल्याच्या सहा बाटल्या

नर्सची नोकरी केलेल्या बाईला किस्से शोधायला जावं लागत नाही, ते तिच्या मागे घरापर्यंत येतात. मी रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी भाजी घ्यायला गेले की एखादी पन्नाशीची बाई पिशवी खाली ठेवते आणि म्हणते, "सिस्टर, मी तुमच्याच हातची!" झाला एक किस्सा सुरू. आमच्या केंद्राच्या रजिस्टरात वजनाला रकाना होता, सुजेला होता, पण किश्श्याला नव्हता. म्हणून ते सगळे माझ्या डोक्यात भरून राहिलेत. आज तुम्ही चौघी बसलाच आहात, तर ऐका. चहा पिऊन घ्या आधी, मी मधे थांबणार नाही!

*

बुऱ्हाणपूरचं आमचं माता-बाल केंद्र म्हणजे तीन खोल्या, दोन खाटा, एक स्टोव्ह आणि मी. मी तेव्हा चोवीस वर्षांची. नवा मध्यप्रदेश नुकताच बनला होता. आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली, आणि ग्वाल्हेरकडच्या एक डॉक्टरीणबाई उठून आमच्याकडे आल्या. आडनाव सक्सेना. उंच, सावळ्या, एकट्या, आणि मराठीचा एक शब्द येत नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, यहाँ औरतें मरती किससे हैं?"

मी आपलं तोंडाला आलं ते बोलून गेले, "लाजेने."

त्या हसल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं!

मग नव्या राज्याचे नवे फॉर्म आले. गर्भवती किती, बाळंत किती, दर महिन्याला वर कळवायचं. एकदा वरून विचारणा आली. अमुक एक बाई गर्भवती म्हणून जुन्या राज्याच्या रजिस्टरात आहे आणि बाळंतीण म्हणून नव्या राज्याच्या. तर ती कुठून कुठे गेली, याचा खुलासा करावा. आता ही बाई निंबोल्याची, आमच्याच भागातल्या एका गावची. दिवस राहिले तेव्हा राज्य जुनं होतं, बाळंत झाली तेव्हा नवं. बिचारी गावची वेससुद्धा ओलांडली नव्हती!

मी घाबरून पानभर खुलासा लिहायला बसले. सक्सेनाबाईंनी तो कागद ओढून घेतला आणि खाली एक ओळ लिहिली, "मरीज़ वहीं है, राज्य चला गया।"

वरून पुन्हा काही आलं नाही.

*

निंबोल्याची दाई यशोदामाय. वय तिला विचारलं तर म्हणायची, "दात मोजून घे." निंबोल्यातलं अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. केंद्रात ती बायांना घेऊन यायची, पण आत कधी खुर्चीवर बसली नाही. कोपऱ्यात उकिडवी बसून सक्सेनाबाईंकडे बघत राहायची, मास्तर पेपर तपासताना बघतो तशी.

बायांना आम्ही विचारायचो, शेवटची पाळी कधी आली? तारीख कुणाला ठाऊक? एकीने सांगितलं, "कापसाची दुसरी वेचणी चालली व्हती तवा." सक्सेनाबाईंनी मला वेचणी कधी असते ते विचारलं, कॅलेंडर उलटसुलट केलं, बोटं मोजली आणि तारीख काढली.

कोपऱ्यातून यशोदामाय म्हणाली, "आठ दिवस आधी व्हईन. पोळ्याले बैलाच्या शिंगाले रंग लागंन ना, त्या दिवशी."

सक्सेनाबाईंनी मला अर्थ विचारला. मी सांगितला. त्या नुसत्या हसल्या, शिकलेला माणूस हसतो तशा.

पोळ्याच्या दिवशी दुपारी निंबोल्याहून निरोप आला. मुलगा झाला! त्या घरचा एक बैल अर्धाच रंगवून ठेवला होता म्हणे, रंगवणारा बाप झाला म्हणून.

दुसऱ्या दिवशी सक्सेनाबाईंनी खुर्ची उचलून कोपऱ्यात नेली, स्वतः जमिनीवर बसल्या आणि यशोदामायला म्हणाल्या, "अब बताओ. शुरू से." दोन दिवस त्या दोघी बसल्या होत्या. कॅलेंडरशेजारी पिकांचा तक्ता लागला. केळीची लावण, निंदणी, वेचणी, कटाई. डॉक्टरीणबाई दाईकडून शिकतेय, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर फारसं पाहिलं नाही.

*

आता सहा बाटल्या.

गर्भारपणात लघवी तपासायची असते, हे तेव्हा गावात कुणाला सांगायचीही चोरी. कारण साधं आहे. अंगावर सूज येते, लघवीतून प्रोटीन जायला लागतं, आणि वेळीच कळलं नाही तर बाईला झटके येतात. मग आईही जाते, बाळही जातं. तपासणी मात्र सोपी. काचेच्या नळीत लघवी घ्यायची, स्पिरिटच्या दिव्यावर वरचा भाग तापवायचा. पांढरं गढूळ झालं की धोका.

निंबोल्यात तेव्हा सहा जणी गर्भार होत्या. लघवी द्यायला कुणीच यायला तयार नाही. शेवटी सक्सेनाबाईंनी सहा बाटल्या धुऊन, चिठ्ठ्या चिकटवून यशोदामायकडे दिल्या. "सुबह का पहला पेशाब. हर एक का अलग."

दोन दिवसांनी यशोदामाय सहाही बाटल्या टोपलीत घालून, वर केळीचं पान झाकून, ऐटीत आली.

पहिली तापवली. पांढरी! दुसरी, पांढरी! तिसरी, चौथी... सहाही पांढऱ्याफटक! एका गावात एकाच वेळी सहा? सक्सेनाबाईंनी पिशवी उचलली, टांगा बोलावला. मी आणि यशोदामाय मागे बसलो.

निंबोल्यात पोचलो तर पाच जणी शेतात निंदायला गेलेल्या! बोलावून आणल्या. हात-पाय बघितले, ब्लडप्रेशर घेतलं. पाचही जणी ठणठणीत. एक तर वाटेत शेंगा खात आली होती.

सक्सेनाबाईंनी यशोदामायकडे बघितलं. यशोदामायने पदर सारखा केला.

"आता मले काय समजते वं बाई? मी सकाळी गेली तं ह्या साऱ्या वावरात निंघून गेल्या व्हत्या. एकच घरी सापडली. मंग तिचंच भरलं साऱ्या बाटल्यांत. साऱ्या एकाच विहिरीचं पाणी पितात, फरक काय पडते?"

ही सापडलेली एक म्हणजे मंजुळा. सासू रखमाबाईच्या मागे, दारात, पदराखाली पाय लपवून उभी. सक्सेनाबाईंनी खाली बसून तिचे पाय बघितले. बोट दाबलं की खड्डा पडत होता. पाय सुजून वहाणेत जाईनात, म्हणून ती शेतात गेली नव्हती, आणि म्हणून घरी सापडली होती. सातवा महिना. पहिल्या खेपेला आठव्यात झटके आले होते, बाळ गेलं होतं, आणि ती स्वतः दोन दिवसांनी शुद्धीवर आली होती. हे सगळं आम्हाला त्या दिवशी कळलं.

परत निघताना सक्सेनाबाई यशोदामायवर काय चिडल्या, काय चिडल्या! यशोदामायने शांतपणे ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "बाईले सांग, पाच जणींची तपासणी घरी येऊन झाली का नाही? मंग नुकसान कोनाचं झालं?"

मी सांगितलं. सक्सेनाबाईंनी टांगा गावाबाहेर येईपर्यंत पाचही जणींची नावं वहीत लिहिली. मग एकदम हसायला लागल्या. घोडासुद्धा बिचकला.

*

मंजुळेला सांगितलं होतं, दिवसा डाव्या कुशीवर पडून राहायचं आणि जेवण अळणी. तेव्हा सुजेवर मीठ बंद करायची पद्धत होती. मला वाटलं, ह्यातलं काहीएक होणार नाही. अकरा माणसांचं घर, सून सगळ्यांच्या शेवटी जेवणार, तिला वेगळं कोण शिजवणार?

पंधरा दिवसांनी मंजुळेचा नवरा केंद्रात आला. दारातच उभा. टोपी हातात.

मी घाबरले. "काय झालं? मंजुळा बरी आहे ना?"

"ती बरी आहे, सिस्टर," तो म्हणाला. "सूजबी उतरून राहिली. मले इतलंच विचारायचं व्हतं, आमच्या वरनात मीठ कधी पडंन?"

विचारलं तेव्हा उलगडा झाला. एका घरात दोन भांडी शिजली तर लोक म्हणतील घर फुटलं! म्हणून रखमाबाईने सगळ्यांचंच मीठ बंद केलं होतं. सासरा, दीर, जावा, पोरं, गडी, अकरा माणसं पंधरा दिवस अळणी वरण जेवत होती. भांडणं झाली, एक दीर रुसून मामाकडे गेला. रखमाबाई हटली नाही.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी म्हटलं, "रखमाबाई, तुम्ही तरी वरून चिमूटभर घ्यायचं."

ती म्हणाली, "तिच्या तोंडाले चव नाही, मंग माह्या तोंडाले काहून पाहिजे?"

सासवांच्या नावाने मी आयुष्यभर बोटं मोडली आहेत. पण रखमाबाईचं नाव निघालं की मी हात जोडते. अजूनही.

*

मधेच एक छोटा सांगते. दायांना सरकारकडून पेट्या आल्या होत्या. अॅल्युमिनियमची चकचकीत पेटी, आत साबण, नखं घासायचा ब्रश, कात्री, नाळ बांधायचा दोरा. यशोदामायला दिली. महिना झाला तरी साबण तसाच! तिच्या घरी जाऊन बघतो तर पेटी देवघरात. वर हळद-कुंकू, पुढे फूल!

"बाळंतपणाला का नाही नेत?" मी विचारलं.

"वापस आनल्यावर बाटंन ना वं."

सक्सेनाबाई चप्पल काढून देवघरापुढे बसल्या. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, "माय, देवाला हात न धुता लावते?"

"छा! कोन लावते?"

"और बच्चे को?"

यशोदामायने पेटीपुढचं फूल उचलून देवापुढे ठेवलं. मग तिने कुंकू पुसलं आणि पेटी काखेत मारली. पुढच्याच आठवड्यात गावचा पाटील नातवाला बघायला गेला, तर तिने त्याला दारातून परत पाठवला, नखं कापून ये म्हणून! पाटील कापून आला.

*

आठवा लागला आणि मंजुळेचं ब्लडप्रेशर पुन्हा चढलं. सक्सेनाबाई म्हणाल्या, आता घरी ठेवायची नाही, केंद्रात आणा. झटके आले तर निंबोल्याहून बैलगाडीत तीन तास, वाटेतच संपेल सगळं.

रखमाबाईने साफ नाही म्हटलं. जिने घराचं मीठ बंद केलं, तीच! त्यांच्यात सातव्यानंतर पोटुशी बाई वेस ओलांडत नाही. ओलांडायची तर फक्त माहेरी जायला. मंजुळेचं माहेर तुकईथडला, तेही नावालाच. आई वारलेली, भावजय विचारत नव्हती. आणि दवाखान्यात माणसं मरायला जातात, हे तर जगजाहीर!

सक्सेनाबाई निंबोल्याला जाऊन विनवून थकल्या, ओरडून थकल्या. यशोदामाय कोपऱ्यात गप्प. तिची बाई दवाखान्यात गेली असती तर गावात तिचा मान गेला असता, हे मला कळत होतं. सक्सेनाबाईंनाही कळत होतं, म्हणून त्यांनी तिला एका शब्दाने विचारलं नाही.

टांग्यात बसताना यशोदामाय माझ्याजवळ आली. "ह्या बाईले आई व्हता येईन का?"

"म्हणजे?"

"लेक माहेरी आली तं दारात काय करतात, ते शिकव तिले. परवा आनतो."

मी वाटभर सक्सेनाबाईंना शिकवत होते. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, मराठी घरातली लेक माहेरी येताना त्यांनी कधी बघितली नव्हती. वहीत लिहून घेत होत्या. भाकरीचा तुकडा. पाण्याचा तांब्या. आधी ओवाळायचं, मग बाजूला टाकायचं. पायावर पाणी. "और कहना क्या है?" मी म्हटलं, काही नाही, ये म्हणायचं.

निंबोल्यात यशोदामायने सगळ्या गावासमोर मंजुळेची ओटी भरली आणि सांगितलं, "पोरगी माहेरी चालली." कुठल्या माहेरी, हे तिला विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी केंद्राच्या दारात थांबली. मंजुळा उतरली, मागे रखमाबाई, मागे पेटी घेऊन यशोदामाय. सक्सेनाबाई पांढऱ्या कोटात, डोक्यावर पदर घेऊन उभ्या. भाकरी त्यांनी स्वतः थापली होती, नकाशासारखी वेडीवाकडी! ओवाळली, तुकडा टाकला, पायावर पाणी घातलं. मग बोलायचा एक शब्द होता तोच विसरल्या. नुसत्या दोन्ही हात पुढे करून उभ्या राहिल्या.

मंजुळा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. आई गेल्यापासून कुणी तिच्यावरून तुकडा ओवाळला नव्हता. मी आत पळाले, स्टोव्हवर पाणी ठेवायला. तसं काही पाणी लागणार नव्हतं.

पुढच्या महिन्यात निंबोल्याच्या आणखी तीन सुना पेट्या भरून आमच्या दारात. "आम्ही माहेरी आलो!"

*

आता शेवटचा.

आमच्या केंद्राच्या मागे विणकरांची गल्ली. सकाळी सातला पॉवरलूम सुरू व्हायचे ते दिवस मावळेपर्यंत. भिंती हलायच्या. पेशंटशी ओरडून बोलावं लागायचं. मंजुळा तीन आठवडे त्या खडखडाटाला लागून असलेल्या खोलीत डाव्या कुशीवर पडून होती. सक्सेनाबाई त्या आवाजाबद्दल दोनदा नगरपालिकेला लिहून बसल्या होत्या.

एका सकाळी नऊच्या सुमाराला मंजुळा म्हणाली, "डोकं लई दुखून राहिलं, सिस्टर. डोळ्यापुढे काजवे दिसतात." आणि मी वळेपर्यंत पहिला झटका आला.

ज्याला आम्ही दोन महिने थोपवून धरलं होतं, ते आलं. सक्सेनाबाईंनी इंजेक्शन दिलं. मी खिडकीला घोंगडी लावून खोली अंधारी केली. या दुखण्यात बाईला उजेड चालत नाही, आवाज चालत नाही. जरा भांडं पडलं तरी दुसरा झटका येतो. आणि मागे तीस-चाळीस माग धडधडत होते! सक्सेनाबाईंनी भिंतीकडे बघितलं. मला जाऊन सांगावंसं वाटत होतं, पण मंजुळेचा जबडा माझ्या हातात होता. यशोदामाय पायाशी. रखमाबाई दाराबाहेर, तोंडात पदर कोंबून.

तेवढ्यात आवाज कमी झाला. मग आणखी कमी. मग एक माग राहिला, आणि तोही थांबला.

इतकी शांतता मी त्या केंद्रात कधी ऐकली नव्हती. मंजुळेचा श्वास ऐकू येत होता.

थोड्या वेळाने मी पाणी आणायला मागच्या दाराने बाहेर गेले. गल्लीतली माणसं आपापल्या पायरीवर हात मांडीवर ठेवून बसलेली. पोरांना बायकांनी आत घेतलेलं. समोरच्या पायरीवर दाढीवाले एक चाचा होते. मी हळू आवाजात विचारलं, "चाचा, लाइट गई क्या?"

"लाइट तो है, सिस्टर," ते म्हणाले.

दुपारी तीनला बाळ झालं. मुलगी. रडेना. सक्सेनाबाईंचे हात मंजुळेत गुंतलेले, त्यांनी बाळ यशोदामायकडे दिलं. यशोदामायने बोटाने तोंड साफ केलं, उपडं धरून पाठ चोळली, चोळत राहिली. सक्सेनाबाई न बघता म्हणाल्या, "माय?" यशोदामायने बाळाच्या तळव्यावर टिचकी मारली. आणि ती पोरगी अशी रडली, अशी रडली, की पार गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल!

मला वाटलं, आता सुरू होतील माग. नाही झाले. झटक्यांचा धोका बाळंत झाल्यावरही दिवसभर असतो, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. संध्याकाळपर्यंत गल्ली गप्प. दुसऱ्या दिवशी सात वाजले, आठ वाजले, दहा वाजले. गल्ली गप्प.

साडेतीनला सक्सेनाबाईंनी ब्लडप्रेशर घेतलं. पुन्हा घेतलं. मंजुळेने डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, भूक लागली."

सक्सेनाबाईंनी यंत्र बाजूला ठेवलं, उठल्या, खिडकीची घोंगडी स्वतः काढली आणि दोन्ही दारं उघडली. समोर पायरीवर चाचा बसले होते. त्यांनी वर बघितलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि आत गेले.

आधी त्यांचा माग सुरू झाला. मग शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा, आणि मग सगळी गल्ली एकदम. खाट हलायला लागली, टेबलावरचा पेला सरकायला लागला. रखमाबाईच्या मांडीवर पोर झोपलं होतं. एवढ्या खडखडाटात ते काही उठलं नाही.